आधी चौकट, मग शेड

काकांनी मला खोली दाखवायच्या आधी माझी बॅग मोजली. मयूर विहारमधल्या त्या तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात मी उभी होते, पुण्याहून आल्याचा शीण अंगात होता, आणि पांढऱ्या बुशशर्टातले हे गृहस्थ वाकून माझ्या बॅगेला टेप लावत होते. "पलंगाखाली जाईल," असं त्यांनी जाहीर केलं, टेप खटकन मिटवला आणि मग कुठे "या" म्हणाले. घरमालक मराठी आहेत एवढ्यावरच भाळून आई मला दिल्लीला पाठवायला तयार झाली होती. हा टेपचा प्रकार मी तिला फोनवर सांगितला नाही.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरी वजनमापांची. दुकानदारांचे तराजू तपासायचे, किलोचं वजन किलोभर भरतं की नाही ते बघायचं, कापडवाल्याचा गज झिजलाय का ते पाहायचं, हा आयुष्यभराचा उद्योग. निवृत्तीनंतर मोजायला फक्त घर उरलं, त्यामुळे घराची काही धडगत नव्हती. काकडी आणली की काकडी मोजायचे. माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन खोक्यावर लिहिलंय तितका भरत नाही हे त्यांनी तिरका टेप लावून सिद्ध केलं आणि कंपनीला कळव म्हणून आठवडाभर माझ्या मागे लागले. "डोळा खोटं बोलतो, बेटा. टेप नाही बोलत," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कानामागे सुताराची लाल पेन्सिल आणि खिशात स्टीलचा टेप असल्याशिवाय ते दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नसत.

काकू अगदी उलट. त्यांच्या घरात मोजायचा चमचा नव्हता, की वजनकाटा नव्हता. मीठ चिमटीने, पीठ मुठीने, आणि माणूस किती जेवणार ते त्याच्या चेहऱ्यावरून. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या ताटात बरोबर मला लागतात तेवढ्याच पोळ्या वाढल्या, विचारलं नाही. काका यावर वैतागायचे, म्हणायचे की हिचं सगळं अंदाजपंचे. काकू उत्तर द्यायच्या नाहीत. त्या घरात उत्तर न देण्याची जुनी सवय होती, हे मला हळूहळू कळलं.

माझ्या खोलीची खिडकी मागच्या अंगणात उघडायची. तळमजल्यावाल्यांना असतं तसं लहानसं अंगण, एका कडेला तुळस, दुसऱ्या कडेला कपड्यांची दोरी. मी राहायला आले तेव्हा त्या अंगणाच्या मधोमध एक चौकट उभी होती. नुसतीच चौकट. भिंत नाही, दार नाही, वर छप्पर नाही. सरकारी हिरव्या रंगाचे पोपडे उडालेली, जुन्या लाकडाची, पायाशी सिमेंट घालून पक्की केलेली. सकाळी उठून पडदा सारला की समोर ती, आणि तिच्यातून दिसणारी पलीकडची विटांची भिंत. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मी पडदा जरा उशिराच सारायला लागले.

चौकटीभोवती वर्कशॉप बांधायचं आहे, असं काकांनी मला समजावलं. त्यांच्याकडे जुने तराजू होते, भंगारात निघालेले, कुणाची दांडी वाकलेली, कुणाचा काटा अडकलेला. ते दुरुस्त करायला जागा हवी. पत्र्याची शेड, लोखंडी अँगल, एक टेबल, बस. मी म्हटलं, काका, आधी शेड होते आणि मग दार बसवतात. त्यावर ते म्हणाले की घर बांधताना आपल्याकडे चौकटीचीच पूजा करतात ना, मग चौकट आधीच हवी. त्यांनी खरोखरच पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पत्रे ठोकायला आलेल्या वेल्डरला पेढा दिला. तो बिचारा पेढा हातात धरून मला हळूच म्हणाला, "मॅडमजी, टीन के लिए कौन पूजा करता है?" काकू त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. दार ओढून घेतलेलं होतं.

ही चौकट लक्ष्मीबाई नगरातली. काका-काकूंनी नोकरीची बरीच वर्षं तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली होती. ती जुनी क्वार्टर्स पाडली तेव्हा काका रोज मेट्रो बदलत तिकडे जायचे आणि मलब्यात हिंडायचे. शेवटी तिथल्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, ही चौकट टेम्पोत घालून घेऊन आले. माझ्या क्वार्टरची आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुरावाही दाखवत. उजव्या बाजूच्या लाकडावर एकावर एक आडव्या रेघा होत्या, चाकूने कोरलेल्या, मळाने काळ्या पडलेल्या. मूल वाढतं तशी आईबाप करतात त्या खुणा. सगळ्यात खालची माझ्या कमरेच्या वर आणि मग चढत चढत थेट मोठ्या माणसाच्या उंचीपर्यंत.

"आमच्या मुलीच्या," एवढंच काका म्हणायचे.

मुलगी कुठे असते हे मी विचारणार होते. पण घरात तिचा फोटो नव्हता, तिचा फोन येत नव्हता, आणि तिचं नाव कुणी घेत नव्हतं. विचारायचं ओठांवर आलेलं मी गिळून टाकलं.

शेड झाली आणि काकांचा मुक्काम तिकडे हलला. आता त्यांची एक नवी लकब मला दिसायला लागली. शेडमध्ये शिरताना ते चौकटीपाशी थांबायचे, जरा बाजूला सरकायचे, क्षणभर वाट बघायचे आणि मग आत जायचे. बाहेर येतानाही तसंच. कुणाला तरी आधी वाट देतात ना, तसं. मी एकदा थट्टेने म्हटलं, काका, लखनौचे नवाब झालात का, पहले आप, पहले आप? ते हसले नाहीत. माझ्या मागे बघून मान हलवली आणि आत गेले. माझ्या मागे दोरीवरच्या ओल्या चादरीखेरीज काही नव्हतं.

काकू त्या चौकटीतून कधीच गेल्या नाहीत. कपडे वाळत घालायला त्या शेडला वळसा घालून जायच्या, कितीही चिखल असला तरी. काकांना चहा द्यायचा झाला तर पत्र्याच्या खिडकीतून कप आत ठेवायच्या.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडली आणि ऑफिसने घरून काम करायला सांगितलं. भर दुपारी सूर्य पिवळट, अंगणाच्या पलीकडची भिंत धुरकट. अशाच एका दुपारी काका बँकेत गेले होते आणि मला ट्यूबलाइट बदलायला स्टूल हवं होतं, म्हणून मी शेडमध्ये गेले. दार बंद होतं, खिडकी बंद होती, पंखा नव्हता. टेबलावर काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू होता, सोनारांकडे असतो तसा. त्याचा काटा हलत होता. डावीकडे जायचा, मधे यायचा, पुन्हा डावीकडे. मी श्वास रोखून उभी राहिले, वाटलं माझ्या पायांनी फरशी हादरली असेल. काटा थांबला नाही. एकाच संथ लयीत हलत राहिला. मग चौकटीकडे लक्ष गेलं. काकांचा टेप, जो ते कधी मागे ठेवून जात नसत, जमिनीवरून वर ताणलेला, लॉक केलेला, लाकडाला टेकून आपला आपण उभा होता. त्याचं टोक सगळ्यात वरच्या रेघेपाशी होतं. मी स्टूल न घेताच परत आले.

काका आल्यावर मी शेडमध्ये जाऊन काट्याचं विचारलं. मला वाटलं होतं, ते माझी चेष्टा करतील. ते उलट खूश झाले. काटा दुरुस्त आहे, त्यांनी स्वतः तपासलाय, बाकी कुठेही ठेवला तर गप्प उभा राहतो, फक्त इथेच राहत नाही, असं त्यांनी मला एखाद्या हुशार पोराची तक्रार करावी तसं सांगितलं. मग म्हणाले, "आलीच आहेस तर जरा इथे उभी राहा. टाचा टेकव. मान सरळ."

नाही म्हणायला हवं होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा आपला रोग. मी चौकटीला पाठ लावून उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. ती बरोबर वरच्या रेघेवर बसली, केसभरही इकडेतिकडे नाही. काकांनी पट्टी तशीच धरून ठेवली.

"अच्छा," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे एवढी झाली असती."

खोलीत येऊन मी आधी कडी लावली आणि मग मुनिरक्यात राहणाऱ्या मैत्रिणीला मेसेज केला, तुझ्याकडे जागा आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला मटार सोलायला बसवलं. दिल्लीत थंडी पडली की घरोघरी हेच चालतं. परातीत ढीग, सालांसाठी वर्तमानपत्र. माझा चेहरा त्यांनी वाचला असणार, कारण विचारल्याशिवाय त्या बोलायला लागल्या, आणि मी त्यांना सलग इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांची मुलगी दुसरीत असताना गेली. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्येच, तापाचं निमित्त झालं. काही कळायच्या आत सगळं संपलं. नंतर त्या घरात राहवेना म्हणून पोटाला चिमटा घेऊन हा फ्लॅट घेतला.

"आणि ती चौकट आमची नाही," काकू म्हणाल्या. "आमच्या पोरीची उंची कधी कुणी मोजलीच नाही."

त्यांच्या सासूबाईंचं मत होतं की मूल मापू नये, मापलं की वाढ खुंटते. झोपलेल्या मुलाला ओलांडू नये म्हणतात, तसंच हे. अख्ख्या दिल्लीचे तराजू तपासत हिंडणाऱ्या माणसाचा टेप आईपुढे कधी खिशातून निघाला नाही. सासूबाई गेल्या, मुलगी तर त्यांच्याही आधी गेली. मग कधीतरी काकांच्या लक्षात आलं की जगातल्या सगळ्या वस्तूंची मापं त्यांना पाठ आहेत, फक्त आपली मुलगी किती उंच होती ते त्यांना सांगता येत नाही. तेव्हापासून हे मोजण्याचं वेड वाढलं.

"कुणाच्या तरी पोरीच्या रेघा आहेत त्या," काकू शेंग मोडत म्हणाल्या. "वाढली, मोठी झाली, असेल कुठे सुखात. पण दुसऱ्याच्या लेकीच्या खुणा मी माझ्या घरात नाही येऊ देणार. बिल्कुल नाही. असू दे बाहेर, पत्र्यात."

मी मुनिरक्याला गेले नाही. भीती गेली होती असं नाही. पण त्या दोघांना तसंच सोडून जायला माझं मन धजेना. शिवाय काकूंनी मटार-भात केला होता.

संकट आलं ते गटाराच्या वाटेने. त्या थंडीत तळमजल्याच्या सगळ्या बाथरूममध्ये पाणी तुंबायला लागलं. प्लंबरने शोध लावला की आमच्या ओळीचं चेंबर नेमकं काकांच्या शेडखाली आहे. सोसायटीचे सेक्रेटरी भला माणूस. त्यांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा सब्बल, म्हणजे पहार, घेतलेली दोन माणसं घेऊन आले. सकाळची वेळ होती, धुकं अजून उठलं नव्हतं. काका शेडमध्ये स्टुलावर बसलेले. टेबलावरचा काटा हलत होता.

"अंकलजी, चेंबर के ऊपर है, हटाना तो पड़ेगा," सेक्रेटरी म्हणाले. "ये चौखट आप अंदर रख लीजिए ना. हम सँभालकर निकलवा देंगे."

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. चौकट घरात येणार नाही हे काकूंनी फार पूर्वीच सांगून टाकलेलं होतं. गच्चीवर सोसायटी ठेवू देत नव्हती. शेड गेली की चौकट पुन्हा कबाड्याकडे जाणार, दुसरी वाट नव्हती. काका चौकटीच्या लाकडाला धरून उभे राहिले. सरकारी नोकरीत एवढ्या दुकानदारांशी भांडलेला माणूस, पण त्यांना त्या दिवशी एक वाक्य बोलता येईना. मला रडूच आलं. सब्बलवाले खाली बघत होते.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत, पायात चपला नाहीत. या वेळी वळसा न घालता त्या सरळ चौकटीपाशी गेल्या.

"ही आपली नाही," त्या काकांना म्हणाल्या.

"माहीत आहे," काका म्हणाले. "पहिल्याच दिवशी मोजली. आपल्या दाराची उंची वेगळी होती."

मी चाटच पडले. म्हणजे इतके दिवस हा माणूस समजून-उमजून दुसऱ्याची चौकट पुजत होता.

"मग कशाला आणली?"

"मापू नको म्हणाली आई. नाही मापलं." काकांनी कोरलेल्या रेघांवरून हात फिरवला. "नाही मापलं तरी खुंटलीच ना. म्हटलं, कुणाची तरी वाढलेली बघावी. माझ्याकडे तिचं काहीच नाही गं. किती होती, तेवढंसुद्धा नाही."

काकू चौकटीला पाठ लावून, अनवाणी टाचा टेकवून उभ्या राहिल्या आणि पदरातून मंगळसूत्र बाहेर काढलं.

"शाळेतून आली की पळत येऊन मिठी मारायची," त्या म्हणाल्या. "तिचे केस ह्या वाट्यांमध्ये अडकायचे. रोज. सोडवताना ओरडायची. मंगळसूत्र तेच आहे, गाठवलंय फक्त. मनू एवढी होती. इथपर्यंत. तुम्ही कधी विचारलंत का मला?"

इतक्या वर्षांनी त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं असावं. काकांनी टेप काढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत खिशात ठेवला. कानामागची लाल पेन्सिल घेतली आणि मंगळसूत्राच्या वाटीला लागून, लाकडावर एक रेघ ओढली. ती कोरलेल्या दोन काळ्या रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत आली. वयाने माणूस खचतो, तेव्हा तू थोडी उंच होतीस, असं काहीतरी ते पुटपुटायला लागले होते, पण काकूंनी नुसतं बघितलं आणि ते गप्प झाले. मी काचेच्या पेटीकडे बघितलं. काटा मधोमध, अगदी स्थिर उभा होता.

"चौकट आत घ्या," काकू सब्बलवाल्यांना म्हणाल्या, आणि लगेच हिंदीत, "अंदर ले आओ भैया, धीरे से. बैठक और रसोई के बीच में लगेगी."

शेड संध्याकाळपर्यंत गेली. पुढच्या उन्हाळ्यात माझी पुण्याला बदली झाली आणि मी मयूर विहार सोडलं.

त्यानंतर काही हिवाळे गेले. ऑफिसच्या कामाला नोएडात आले होते तेव्हा वाकडी वाट करून काका-काकूंकडे गेले. काकूंनी ताटात बरोबर माझ्याएवढं वाढलं. काका बारीक झाले होते. बॅग मोजली नाही, खिशातही टेप दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, लागत नाही आता. तराजू त्यांनी कुणाला तरी देऊन टाकले होते.

चौकट बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये होती, स्वच्छ, तेल लावलेली. काकू तिच्यातून सारख्या येत-जात होत्या. मी पाणी प्यायला उठले आणि सहज लाकडाकडे नजर गेली. ती लाल रेघ तिथेच होती. तिच्या वर, बोटभर अंतरावर, आणखी एक लाल रेघ होती. तिच्या वर अजून एक. शेवटची तर ताजी दिसत होती, पेन्सिलीची भुकटीही झडली नव्हती.

स्वयंपाकघरात काकूंनी माझा हात धरला. "बघितल्यास ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे काढतात. दर वाढदिवसाला एक. मला कळत नाही असं समजतात. तू काही बोलू नकोस हं, त्यांना लाज वाटेल." मी पेन्सिलीचं विचारलं. पेन्सिल काकांकडेच असते, असं त्या म्हणाल्या.

काका मला फाटकापर्यंत सोडायला निघाले. व्हरांड्यात चपला घालताना त्यांनी मागे वळून खात्री केली की काकू ऐकत नाहीत. "त्या रेघा ती काढते," ते म्हणाले. "पेन्सिल केव्हाच घेतलीय माझ्याकडून. मी बघितलंच नाही असं दाखवतो. विचारू नकोस हां तिला. बरं वाटतंय तर काढू दे."

मी दोघांनाही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मोबाइल आत राहिला म्हणून मी परत घरात गेले. काका माझ्या मागोमाग आले, आणि समोरून काकू माझ्यासाठी लाडवांचा डबा घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या. चौकटीपाशी दोघं समोरासमोर आले. दोघंही थांबले. काका एका बाजूला सरकले, काकू दुसऱ्या बाजूला. मधली वाट मोकळी राहिली.

मी त्या वाटेच्या तोंडाशीच उभी होते. मी पाऊल मागे घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.